वार

सेक्शन कापताना आमच्या लॅबमधला पंखा बंद असतो, अगदी मे महिन्यातसुद्धा. रुग्णाच्या शरीरातला तुकडा पॅराफिनच्या मेणात बसवून केलेल्या ब्लॉकमधून चार मायक्रॉन जाडीचा पापुद्रा, म्हणजे सेक्शन, काढायचा म्हणजे केसाच्या जाडीचा पंधरावा-विसावा भाग. मायक्रोटोमचं, म्हणजे कापायच्या यंत्राचं, चाक फिरवलं की पात्यावरून एकाला एक चिकटलेले पापुद्रे रिबिनीसारखे बाहेर येतात. नेमकं तेव्हा कुणी धाडकन दार उघडलं किंवा मीच जरा जोरात श्वास सोडला, तरी सगळी रिबीन गोळा होऊन जाते. म्हणून श्वास धरायचा. ओल्या ब्रशने टोक उचलायचं, कोमट पाण्यावर सोडायचं, सुरकुत्या उलगडू द्यायच्या आणि काच तिरकी बुडवून तरंगता पापुद्रा तिच्यावर अलगद घ्यायचा. एकवीस वर्षं मी हे काम करते आहे. रिपोर्ट लिहिणारे आणि त्यावर सही करणारे डॉक्टर वेगळे. माझं काम काच तयार करून देण्याचं. पण रंग नीट धरलाय का हे बघायला मलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावाच लागतो.

पीडी-एल१ नावाची एक तपासणी गेली काही वर्षं आमच्याकडे येते. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशींच्या पृष्ठभागावर या नावाचं प्रथिन आहे का, असेल तर किती पेशींवर, हे त्यात बघतात. त्या प्रथिनाला जाऊन चिकटणारं प्रतिपिंड काचेवर सोडायचं, त्याच्यावर रंग आणणारं दुसरं. जिथे प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग येतो, बाकी पेशींची केंद्रकं निळी दिसतात. या तपासणीत आम्ही एकाच काचेवर दोन तुकडे घेतो. खाली रुग्णाच्या गाठीचा आणि वर कंट्रोलचा, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असा. वरचा तुकडा रंगला नाही तर खालच्याचं काहीच खरं धरायचं नाही. काही लॅबमध्ये त्यासाठी टॉन्सिल वापरतात. आमच्याकडे वार वापरतात.

वार म्हणजे बाळाच्या मागोमाग पडते ती. बाळाला नऊ महिने पोसून जिचं काम संपतं ती. माझी वार फलटणजवळच्या आमच्या घराच्या परसात, लिंबाच्या झाडाखाली पुरली आहे, असं आजी दाखवायची. सूक्ष्मदर्शकाखाली वारेचा पापुद्रा पाहिला की निळसर गोल बेटांचा पुंजका दिसतो, आणि प्रत्येक बेटाला बाहेरून बारीक तपकिरी रेघ, लुगड्याला काठ असावा तशी. तो काठ म्हणजे पीडी-एल१. या बेटांच्या मधल्या मोकळ्या जागेत आईचं रक्त वाहत असतं. रक्ताबरोबर आईच्या संरक्षक पेशीही येतात आणि थेट त्या काठाला लागून जातात. बाळ निम्मं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराच्या हिशेबाने निम्मं परकं. दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तर जे शरीर त्याच्यावर तुटून पडतं, ते शरीर या निम्म्या परक्याला नऊ महिने काही करत नाही. त्याची कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक हा तपकिरी काठ. गाभण उंदरांमध्ये पीडी-एल१ अडवून ठेवलं तेव्हा गर्भ टिकेनासे झाले, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं होतं.

मी हा काठ शेकडो वेळा पाहिला असेल. रंग बरोबर, पुढची काच, इतकाच त्याचा अर्थ होता. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या काकांचा ब्लॉक माझ्याच टेबलावर आला आणि त्यानंतर मात्र तसं राहिलं नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. उभा जन्म शेतीत गेला, आणि वयाच्या सोळाव्या वर्षापासून गालात तंबाखू. डाव्या तळहातावर चुना घेऊन उजव्या अंगठ्याने मळताना त्यांचा हात कसा चालायचा, हे मला आत्ताही डोळ्यांसमोर दिसतं. ज्या गालात ते बार धरायचे त्याच गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली, ती भरेना. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. चौदा महिन्यांनी मानेत पुन्हा गाठी आल्या. डॉक्टरांनी पीडी-एल१ करायला सांगितलं. ब्लॉक मीच हातात घेऊन लॅबमध्ये गेले. आमच्या मॅडम म्हणाल्या, "तू नको कापूस, दुसऱ्या कुणाला दे." पण मला ते दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावंसं वाटेना. पंखा बंद केला, श्वास धरला आणि कापलं.

दुसऱ्या दिवशी काच रंगून आली. वर वार, तिच्या बेटांना नेहमीसारखा काठ. काच सरकवून खाली आले तर काकांच्या गाठीत पेशींचे पट्टेच्या पट्टे, आणि प्रत्येक पेशीभोवती तोच तपकिरी काठ. रंगात काडीचा फरक नव्हता. बाळाने आईच्या शरीरात सुरक्षित राहावं म्हणून जी खूण आहे, तीच अंगावर घेऊन ती गाठ काकांच्या मानेत बसली होती. मी कितीतरी वेळ काच वर-खाली करत राहिले.

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "काय निघालं?" रिपोर्ट द्यायचं काम माझं नाही, त्यामुळे निकाल मी सांगितला नाही. पण हे प्रथिन काय असतं ते सांगितलं. वारेचंही सांगितलं. ते म्हणाले, "वार? तो शब्द घावालाही आहे की गं." त्यांचं बरोबर होतं. घाव घालणारा वार आणि घाव अडवणारी वार, दोन्ही एकाच काचेवर होते. खालच्या तुकड्यात गाठीच्या कडेने काळपट निळ्या ठिपक्यांसारख्या गोल पेशींची दाटी होती. त्या काकांच्या स्वतःच्या लिम्फोसाइट, म्हणजे संरक्षक पेशी, होत्या. त्यांच्यातल्या टी-पेशी वार करायलाच आल्या होत्या. गाठीपर्यंत पोचल्या होत्या आणि तिथेच थांबून राहिल्या होत्या.

काकांना सांगितलं ते असं. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडून ठेवते, आडतीवर आपण पोत्यातलं मूठभर धान्य नमुन्याला पुढे काढून ठेवतो तसे. टी-पेशी फिरत असते आणि हे नमुने चाचपत असते. नमुना घरचा असला की पुढे जाते. व्हायरसचा किंवा बिघडलेल्या पेशीचा असला आणि सोबत इतर पेशींकडून धोक्याचा दुसरा इशारा मिळाला, की ती चेतते. एकीच्या हजारो होतात. पण अशी चेतलेली टी-पेशी काही तासांतच आपल्या अंगावर आणखी एक प्रथिन उभं करते, पीडी-१. हे २८८ अमिनो आम्लांचं प्रथिन पेशीच्या कातडीतून आरपार गेलेलं असतं, तोंड बाहेर आणि शेपूट आत. समोरच्या पेशीच्या पीडी-एल१ मध्ये हे तोंड अडकलं की आतल्या शेपटीशी एसएचपी-२ नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, येऊन बसतं, आणि कामाला लागलेल्या प्रथिनांवरच्या फॉस्फेटच्या खुणा पुसत सुटतं. चेतलेली पेशी निवते.

काका ऐकून घेऊन म्हणाले, "म्हणजे वेसण." मी हो म्हटलं. "आणि ती माझ्याच बैलाच्या नाकात आहे." हो. "आणि कासरा त्या गाठीच्या हातात गेलाय."

इतक्या नेमकेपणाने मला ते मांडता आलं नसतं. यातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट पुढे आहे. टी-पेशी हल्ला करताना इंटरफेरॉन-गॅमा नावाचं एक रसायन सोडते, आणि ते लागलं की आजूबाजूच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ वाढवतात. म्हणजे वार सुरू झाला की त्याच वाराच्या हाकेने तो थांबवायची तयारीही सुरू होते. घशाला संसर्ग झाला, टी-पेशी धावल्या, जंतू मेले. त्या थांबल्या नाहीत तर घसाच उरणार नाही. निरोगी शरीरात रोज कुठे ना कुठे हे होत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. आपण प्रतिकारशक्ती वाढवण्याबद्दल इतकं बोलतो, काढे काय, चूर्णं काय! ती थांबवण्यासाठी शरीर केवढं राबतं हे मला या धंद्यात असूनसुद्धा नीट कळलं नव्हतं.

पीडी-१ सापडलं ते भलतंच काही शोधताना. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा हे तरुण संशोधक, पेशी स्वतःहून मरते तेव्हा तिच्यातलं कोणतं जनुक जागं होतं, ते शोधत होते. मरणाला टेकलेल्या पेशींत त्यांना एक जनुक सापडलं. १९९२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं ‘प्रोग्रॅम्ड डेथ-१’, नेमलेला मृत्यू. पुढे कळलं की या प्रथिनाचं काम मारण्याचं नाही. नाव मात्र तेच राहिलं. ते काय करतं हे समजायला आणखी सात वर्षं गेली, आणि समजलं ते उंदरांमुळे. ज्या उंदरांमधून हे जनुक काढून टाकलं होतं ते सुरुवातीला ठणठणीत दिसत होते. महिने गेले, वय वाढलं, तशी त्यांच्या मूत्रपिंडांना, शरीर स्वतःवरच उठतं त्या ल्युपस नावाच्या आजारासारखी, सूज आली आणि सांधे सुजले. ते १९९९ साली प्रसिद्ध झालं. २००१ मध्ये दुसऱ्या जातीच्या उंदरांत तर हृदयच फुगून निकामी झालेलं दिसलं. बाहेरचा जंतू नाही, काही नाही. थांबवणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांच्या संरक्षक पेशी घरच्यांवरच उठल्या होत्या.

सांधे सुजले, हे वाचताना मी आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. समोर आई कुकरचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती.

आईला अठरा वर्षं संधिवात आहे, रुमॅटॉइड. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिच्या बोटांना वळणच नसतं. गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसते, मग हळूहळू मूठ मिटते. बोटांच्या मधल्या पेरांना अशी सूज की अंगठी कापून काढावी लागली होती. तिचा आजार पीडी-१ नसल्यामुळे झाला असं मी म्हणत नाही. या आजाराच्या मुळाशी पुष्कळ धागे आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पण तिच्या सांध्यांत जे चालतं ते त्याच जातीचं. घरच्या धान्यावर घरचेच बैल सुटलेत आणि आवरत नाहीत. काकांच्या मानेत नेमकं उलटं. तिथे बैलांनी धाव घ्यायला हवी होती तर ते वेसणीला बांधलेले. एकाच घरात, मधल्या भिंतीच्या अल्याड आणि पल्याड, दोन माणसं एकाच यंत्रणेच्या दोन टोकांना झोपत होती.

आता औषधांचं सांगते. पूर्ण मात्रेची इम्युनोथेरपी, म्हणजे टी-पेशींची ही वेसण सोडवणारं औषध, महिन्याला काही लाखांची, हे पहिल्याच भेटीत कळलं. तिथे आकडा सांगताना समोरच्याने मान वर केली नाही, याचा मला अजून त्रास होतो. काका काही बोलले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "दोन एकर राहिलंय, ते पोरांचं आहे." विषय संपला.

विषय पुन्हा उघडला तो मुंबईच्या टाटा मेमोरिअलमधल्या डॉक्टरांच्या एका अभ्यासामुळे. आमच्या मॅडमनी तो मला वाचायला दिला. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण. सगळ्यांना तोंडाने घ्यायची तीन स्वस्त औषधं, आणि निम्म्यांना त्यासोबत निवोलुमॅब, म्हणजे पीडी-१ ला झाकून टाकणारं प्रतिपिंड, फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर ७२० च्या जागी ४०. वर्षाच्या शेवटी नुसत्या गोळ्यांवरच्या रुग्णांपैकी १६.३ टक्के हयात होते, आणि ज्यांना हे थेंबभर औषधही मिळालं त्यांच्यातले ४३.४ टक्के. २०२२ मध्ये ते ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये छापून आलं. इतक्या कमी औषधाने भागण्याचं एक कारण असं की रक्तातल्या टी-पेशींवरचे बरेचसे पीडी-१ थोड्या मात्रेनेही झाकले जातात आणि कित्येक आठवडे झाकलेले राहतात. नाकातली वेसण एकदा झाकली की त्यावर आणखी गोण्या टाकून काय होणार? मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. तंबाखूने गाल पोखरलेल्या आपल्या माणसांच्या खिशाकडे बघून कुणीतरी प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मोजून दाखवलं. या क्षेत्राला २०१८ साली नोबेल मिळालं, होन्जो आणि अमेरिकेतले जेम्स अ‍ॅलिसन यांना, आणि ते रास्तच होतं. पण आमच्या घरात जे औषध आलं ते या २० मिलिग्रॅमच्या वाटेने आलं.

हे आकडे वाचताना ४३ च्या पुढचे ५७ मला दिसत नव्हते असं नाही. काकांनाही मी ते लपवले नाहीत.

तीन गोळ्या होत्या त्यांतली एक एर्लोटिनिब, ती कॅन्सरचीच. उरलेल्या दोन काका घेऊन आले आणि आईने पट्ट्या हातात घेऊन बघितल्या. "अहो भाऊजी, या तर माझ्याच." खरंच होतं. एक मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा घ्यायची पिवळी बारीक गोळी, जी आई अठरा वर्षं घेते आहे. दुसरी सेलेकॉक्सिब, जी सांधे फार धरले की आई घेते. तिच्यासाठी ही औषधं सुटलेल्या पेशींना शांत करायला आणि सूज उतरवायला. काकांसाठी गाठीची वाढ आणि तिला रक्त पुरवणारं जाळं रोखायला. तेच औषध, तीच पट्टी, कामगिरी वेगळी. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून मी दोन स्टीलचे डबे केले आणि मार्करने वार लिहिले. आईचा रविवार, काकांचा बुधवार. मग घरात रोज संध्याकाळी एक संवाद व्हायचा.

"भाऊजी, आज तुमचा का माझा?"

"आज कुणाचाच नाही, वहिनी. आज मंगळवार."

आम्हाला निवोलुमॅबची सगळ्यात लहान बाटली ४० मिलिग्रॅमची मिळायची. काकांना लागायचं २०. एकदा बाटली उघडली की उरलेलं पुढच्या खेपेला ठेवता येत नाही. म्हणून डे-केअरमधल्या सिस्टर दोन रुग्णांची एकाच दिवशी जोडी लावून देत होत्या. बाटली एक, पैसे निम्मे-निम्मे. काकांची जोडी बार्शीकडच्या एका निवृत्त एसटी कंडक्टरबरोबर लागली. त्यांचा आजार जिभेचा. दोघांनाही नीट बोलता येत नव्हतं. एकाचा गाल आखडलेला, दुसऱ्याची अर्धी जीभ गेलेली. तरी दर तीन आठवड्यांनी शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून त्यांचं काय काय चालायचं ते त्यांनाच कळत असेल. काका त्यांना ‘वाटेकरी’ म्हणायचे. आदल्या रात्री फोन ठरलेला. फोनवर बोलणं समजायचं नाही, म्हणून वाटेकऱ्यांचा मुलगा सांगायचा, "आम्ही पहाटे निघतोय, काकांना सांगा." एकाने यायचं टाळलं तर दुसऱ्याला पूर्ण बाटलीचे पैसे भरावे लागणार, हे दोघांनाही माहीत होतं. जानेवारीत काकांना ताप भरला होता, अंगावर एर्लोटिनिबचं पुरळ उठलं होतं, मी म्हटलं या खेपेला डॉक्टरांना विचारून पुढे ढकलू. काका म्हणाले, "तो बार्शीहून निघाला असेल." डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, एक दिवस थांबवलं. वाटेकरी एक रात्र आमच्याकडे राहिले. आईने दोघांसाठी मऊ भात केला, ताक घालून.

चौथ्या खेपेनंतर काकांच्या मानेची गाठ हाताला लहान लागायला लागली. सहाव्यानंतर ती चाचपून शोधावी लागत होती. मला त्या काचेवरच्या निळ्या पेशी आठवायच्या. अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातले रफी अहमद, मूळचे हैदराबादचे, यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवलं होतं की दीर्घ काळ चाललेल्या संसर्गात उंदरांच्या टी-पेशी थकून जातात, त्यांच्यावर पीडी-१ खच्चून भरलेलं असतं, आणि ही वाट अडवली की त्या थकलेल्या पेशींतल्या काही पुन्हा कामाला लागतात. मेलेल्या नसतात त्या. काकांच्या मानेत असंच काही चाललं असेल या विचाराने मी रात्री जागी राहायचे, आणि ते जागणं आनंदाचं होतं.

पण कासरा ढिला सोडला की बैल फक्त शत्रूच्याच शेतात जातील असं कुणी सांगू शकत नाही. पीडी-१ झाकल्यावर आतडं, फुप्फुसं, यकृत, थायरॉइड, क्वचित हृदयसुद्धा, कशावरही हल्ला होऊ शकतो. उंदरांत जे दिसलं होतं तेच माणसांत. मात्रा कमी असली तरी धोका शून्य नसतो. काकांच्या थायरॉइडवर ते गेलं. गारवा सोसेना, चेहरा सुजला, दिवसभर पेंग. रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की चढणारा आकडा, खूप वाढलेला. मग रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली. आई म्हणाली, "म्हणजे आता भाऊजींचंही माझ्यासारखंच झालं? आपलंच आपल्याला खातंय?" मी म्हटलं, थोडंसं तसंच. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने काकांच्या खोलीत स्वतःची शाल नेऊन ठेवली.

उलटा विचारही चालू आहे. पीडी-१ ला झाकण्याऐवजी मुद्दाम डिवचायचं, वेसण ओढायची, म्हणजे सुटलेल्या पेशी आवरतील. २०२३ साली पेरेसोलिमॅब नावाच्या अशा एका प्रतिपिंडाची संधिवाताच्या रुग्णांवरची छोटी चाचणी प्रसिद्ध झाली, आणि जास्त मात्रा मिळालेल्यांना उतार पडल्याचं त्यात दिसलं. एवढ्याने आईच्या डब्यात काही बदल होणार नाही, हे मला कळतं. तरी मी तिला ते वाचून दाखवलं. काकांसाठी जे दार उघडायचं तेच तिच्यासाठी लावायचं, हे ऐकून तिला बरं वाटलं. म्हणाली, "मग दाराशी एक शहाणं माणूस बसवायला हवं." मी तिला सांगितलं, नऊ महिने तसं माणूस तुझ्याजवळ बसलं होतं, माझ्या वेळी. वारेचा काठ तिला कधी दाखवला नव्हता. त्या रविवारी लॅबमध्ये नेऊन दाखवला. वाकडी बोटं सूक्ष्मदर्शकाच्या खिट्टीवर ठेवून ती बघत राहिली. "हे माझं आहे?" नाही गं, कुणाचं तरी आहे. "असू दे," म्हणाली आणि पुन्हा डोळा लावला.

काकांना चौदा महिने मिळाले. त्यातले दहा चांगले. त्या दहांत ते दोनदा गावी जाऊन आले, नातवाचं बारसं झालं, आंब्याला मोहर आला तो त्यांनी पाहिला. नंतर गाठ पुन्हा वाढली. असं होतं, गाठीच्या पेशी नमुना मांडायचंच बंद करतात किंवा आणखी कुठली तरी वाट काढतात. काकांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे बघायला पुन्हा तुकडा काढला नाही, आणि काढू नये असंच मला वाटत होतं. शेवटचे तीन आठवडे ते गावीच होते, परसातला लिंब दिसेल अशी खाट लावून.

तेराव्यानंतर वाटेकऱ्यांच्या मुलाचा फोन आला. आधी तो रडला. मग म्हणाला, बाबांची पुढची तारीख मंगळवारी आहे, सिस्टरनी नवी जोडी लावून दिली आहे, साताऱ्याकडच्या एक बाई आहेत, त्यांची पहिलीच खेप. आई शेजारी बसून ऐकत होती. तिने फोन मागितला नाही, नुसता हात हलवून मला सांगायला लावलं.

"त्या बाईंना म्हणावं, उपाशी येऊ नका. नंबर लागायला दुपार होते. सोबत ताकभात आणा, आणि अंगावर घ्यायला काहीतरी. तिथे फार गार असतं."